तिसऱ्या बाकावरचं ऊन

ताईच्या थिसिसमधला वर्ग मी बांधला, असं मी सगळ्यांना सांगते. अगदीच खोटं नाही. तिने आमच्या शाळेतल्या माझ्याच वर्गाचं मॉडेल केलं होतं, बुटांच्या दोन खोक्यांएवढं, आणि त्यातले बत्तीस बाक मी कापले होते. भिंती तिच्या, बाक माझे.

ताई आर्किटेक्चरची पदवी झाल्यावर पुढचं शिकते. तिचं म्हणणं असं, की आमच्या वर्गात सकाळी पुढच्या बाकांवर डोळे दिपवणारं ऊन येतं, म्हणून पडदे ओढले जातात आणि मग दिवसभर दिवे लावावे लागतात. त्यापेक्षा खिडकीत एक आडवी पांढरी फळी बसवा. ऊन तिच्यावर आपटून छताला जाईल आणि उजेड सगळ्यांना मिळेल. एवढ्याशा गोष्टीला तिला एकशे चाळीस पानं लागली.

त्या शनिवारी अकराला तिची ज्युरी होती. म्हणजे परीक्षक समोर बसणार आणि प्रश्न विचारून सोलून काढणार. नापास झाली तर सगळं सत्र पुन्हा, आणि ठरलेली नोकरी हातची जाणार. ताईने सकाळपासून चहाचा कप चार वेळा उचलून चार वेळा तसाच ठेवला होता.

साडेनऊला मी ताईच्या कॉलेजच्या स्टुडिओत स्टुलावर बसून शेवटचा बाक चिकटवला. मग दाराच्या बाजूच्या भिंतीवर नखाएवढा फळा लावला. तोपर्यंत त्या खोलीला पुढचं-मागचं असं काही दिसतच नव्हतं.

"ताई, दहाचं ऊन पाड ना. मला माझा बाक बघायचाय."

तिने टेबलदिवा दहाच्या उन्हाच्या खुणेवर आणला. ऊन खिडकीतून आत आलं आणि थेट शेवटच्या रांगेवर पडलं.

"चुकलं," मी म्हणाले.

"काय चुकलं?"

"दहाला ऊन माझ्या बाकावर असतं. तिसऱ्या. दुसऱ्या तासाला मी डोळ्यांवर वही धरून बसते. शेवटच्या रांगेत कसलं ऊन, तिथे तर मुलं झोपतात."

"मी वर्षभर मोजमापं घेतलीयत. तू मला शिकवू नकोस."

"मग खिडक्या मागे का आहेत?"

ताई वाकली. दाराकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं, खिडक्यांकडे पाहिलं. तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

"उलटी," ती हळूच म्हणाली. "भिंत उलटी कापलीय मी."

झालं असं होतं, की पुढच्या बाजूला पेन्सिलीच्या रेघा दिसू नयेत म्हणून पुठ्ठ्यावर मागून आखतात आणि मागूनच कापतात. मागून आखताना डावं उजवीकडे घ्यायचं असतं. ते ती विसरली. फळ्याजवळच्या खिडक्या गेल्या मागच्या टोकाला.

"दिसलं कसं नाही गं तुला?"

"मी उंच्या तपासत होते. उंच्या सगळ्या बरोबर आहेत."

शेजारच्या टेबलावरून गुण्यादादा आला. हा ताईचा वर्गमित्र, इतका सरळसोट आणि काटकोनी की कंपासपेटीतल्या गुण्याचंच नाव त्याला पडलंय. त्याने एक नजर टाकली.

"फळा उचल, दुसऱ्या टोकाला लाव. दोन मिनिटांचं काम."

"मग दार मागे जाईल," मी म्हणाले. "आणि खिडक्या उजव्या हाताला."

"परीक्षक काय तुझ्या वर्गात येऊन बसणार आहेत? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आमच्या वर्गाचं दार पुढे आहे."

"हिला कोणी आणलं इथे?"

ताई थिसिसची पानं उलटत होती. पाचव्या प्रकरणातले सहा फोटो याच मॉडेलचे होते, छापून, बांधून झालेले. फळी उपयोगी पडते हे त्या फोटोंतच दाखवलं होतं, तेही उलट्या भिंतीत. सुलट्या भिंतीत ती उपयोगी पडेल का, हे कोणालाच माहीत नव्हतं.

दहा वाजून दहा मिनिटांनी तिने कटर उचलला.

भिंत चर्रकन सुटली, एक कोपरा फाटला. तिने ती फिरवली, मी कडांना गोंद लावला आणि गुण्यादादा, नको नको म्हणत, दोन्ही हातांनी ती दाबून उभा राहिला. आता रेघा, आकडे, खाडाखोड सगळं बाहेरच्या बाजूला. गोंद वाळतोय न वाळतोय तोच शिपाईकाका दारात आले. "चला, तुमचा नंबर आधी लागलाय."

फळी लावून बघायला वेळच मिळाला नाही.

परीक्षक बाई लहानखुऱ्या होत्या, चष्मा डोक्यावर. ताईच्या सरांच्या शेजारी बसल्या होत्या. मी मॉडेल ठेवून भिंतीला चिकटून उभी राहिले. बाईंनी आधी फाटक्या कोपऱ्यावरूनच बोट फिरवलं.

"हे काय?"

ताईने मॉडेलची ती बाजू बाईंकडे वळवली. "भिंत उलटी कापली होती. आज सकाळी बहिणीने पकडलं. पाचव्या प्रकरणातले फोटो चुकीच्या भिंतीचे आहेत. या भिंतीत फळी मी अजून लावून पाहिलेली नाही."

सरांनी डोळे मिटले.

"मग आता पाहू," बाई म्हणाल्या.

ताईने दिवा धरला. ऊन माझ्या बाकावर पडलं, अगदी माझ्या वहीच्या जागी. मग तिने खाचेत फळी सरकवली. तिसरा बाक सावलीत गेला, छत उजळलं, शेवटची रांगसुद्धा दिसू लागली. मी श्वास सोडला. पण पहिल्या बाकाच्या कोपऱ्यावर उन्हाची एक पट्टी तशीच राहिली, सुरीच्या पात्याएवढी.

बाईंनी ती बरोबर पाहिली. "इथे कोण बसतं?"

ताईला माहीत नव्हतं. मला होतं.

"सगळ्यात बुटकी मुलगी," मी म्हणाले. "गेल्या वर्षीही आमची खोली हीच होती, तेव्हा मी बसायचे."

"ऊन लागायचं?"

"रोज."

"कोणाला सांगितलंस?"

"नाही. तेव्हा मी बोलायचे नाही."

गुण्यादादा मागे खोकला. बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि ताईकडे वळल्या. "पाचवं प्रकरण काढून टाक. पंधरा दिवसांत नवं लिही. मॉडेलचे फोटो नकोत मला, खऱ्या खिडकीत पुठ्ठ्याची फळी लाव आणि खऱ्या बाकांवर उजेड मोज. या पहिल्या बाकासकट. ते बघून पास-नापास ठरवू."

बाहेर येऊन ताई पायरीवर बसली.

"सोमवारी किती वाजता येऊ शाळेत?"

"पावणेदहाला. आणि स्टूल आण, खिडकी उंच आहे."

"त्या पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारशील, ऊन कुठे लागतं ते?"

"विचारते. ती 'काही नाही' म्हणेल."

"मग?"

"मग मी तिच्या बाकावर बसेन आणि पुन्हा विचारेन."