गालाचा टेकू

नवरा गेल्यापासून तिची भांडणं एकतर्फी झाली होती. पूर्वी ती बोलायची आणि तो पेपराच्या आडून ‘हं’ म्हणायचा. आता पेपर बंद केला होता आणि ‘हं’ म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. पण जिभेला लागलेलं वळण असं सुटतं थोडंच? दूध उतू गेलं की ती रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणायची, “बसा, बसा. उठू नका.” मग आपणच ओटा पुसायची. दोन खोल्यांच्या त्या घरात शिलाई मशीन थांबलं की शेजारच्यांच्या नळाचं पाणीसुद्धा ऐकू यायचं. ते ऐकत बसायला नको म्हणून ती पुन्हा पायडल मारायची, कधीकधी खाली कापड नसतानाही.

सगळ्यात जुनं भांडण रायफलीवरून होतं. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचा आणि रविवारी क्लबच्या रेंजवर जाऊन लांब पल्ल्याची नेमबाजी करायचा. लग्नानंतर त्याने हौसेनं तिलाही नेलं. सतरंजीवर पालथं झोपवलं, रायफलीचा दस्ता तिच्या खांद्याला लावला, वरच्या दुर्बिणीकडे बोट दाखवून म्हणाला, “गाल लाकडावर टेकव आणि बघ.” तिने गाल टेकवला. दुर्बिणीत काळी चंद्रकोर दिसली, बाकी निशाण अर्धंमुर्धं.

“काळं दिसतंय,” ती म्हणाली.

“तोंड नीट ठेव म्हणजे दिसेल.”

तोंड तेच, ठेवणार किती तऱ्हेनं? गाल उचलला की निशाण दिसायचं, पण मग डोकं अधांतरी राहायचं आणि गोळी मागच्या मातीच्या बांधात जायची. गाल टेकवला की पुन्हा काळोख. त्याचा चेहरा घोड्यासारखा लांब, तिचा वाटीएवढा. त्याच्या गालापासून डोळ्यापर्यंत जेवढं अंतर, तेवढ्यात तिचं अर्धं तोंड मावलं असतं. हे तिला तेव्हाच कळलं होतं, कारण ती शिंपीण होती. कोट खांद्यात बसला नाही तर कोट उसवतात, खांदा उसवत नाहीत. तिने ते त्याला सांगितलंही. “सगळे याच दस्त्यावर शिकले,” तो म्हणाला, आणि विषय संपला.

तरी ती काही वर्षं जात राहिली. एकदा मात्र क्लबातली सगळी मंडळी जमलेली असताना तिच्या गोळ्या पुन्हा बांधात गेल्या आणि तो हसत हसत म्हणाला, “आली आमची आंधळी कोशिंबीर!” सगळे खो खो हसले. त्याच्या मनात काही नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं. पण तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने सतरंजी गुंडाळली आणि पुन्हा म्हणून रेंजवर पाऊल टाकलं नाही. तेव्हापासून रविवारी तो तिकडे एकटा आणि ती इकडे एकटी.

वर कहर म्हणजे, पुढे एकदा तिला दिसलं की त्याने दस्त्यावर कातड्याची गादी बांधली आहे. म्हणजे ती होती तेव्हा नुसतं लाकूड, आणि ती गेल्यावर स्वतःच्या गालाला गादी! ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, पण काही गोष्टी मनात धरून ठेवण्यातही एक सुख असतं आणि तिला ते भरपूर मिळालं.

गेल्या थंडीत तो गेला. परवाना तिच्या नावावर झाला तसे क्लबचे सेक्रेटरी घरी आले. “वहिनी, रायफल ठेवून काय करणार? चांगलं गिऱ्हाईक बघून देतो.”

“मी चालवणार आहे,” ती म्हणाली, आणि स्वतःच चकित झाली. पण तोंडातून गेलं ते गेलं. सेक्रेटरी गेल्यावर खुर्चीकडे वळून म्हणाली, “ऐकलंत ना? आता कळेल, दोष कोणाचा होता ते.” तिला बक्षीस नको होतं, पदक नको होतं. दुर्बिणीतून एकदा पुरतं निशाण दिसावं आणि त्याला ‘बघा’ म्हणता यावं, एवढंच तिला हवं होतं.

म्हणून ती मिस्त्रींकडे आली. मिस्त्री म्हणजे रायफलींच्या दस्त्यांचं सुतारकाम करणारा, मिश्यांत लाकडाचा भुसा अडकलेला म्हातारा. गॅरेजांच्या रांगेमागे त्यांची लांबट खोली होती. त्यांनी आधी गोळी भरायचा दांडा, म्हणजे बोल्ट, बाहेर काढला, नळी रिकामी आहे ना ते उजेडाकडे धरून पाहिलं आणि मग रायफल टेबलावर ठेवली.

“वरखाली होणारा टेकू बसवायचा आहे,” ती म्हणाली. “माझ्या गालाच्या मापाचा.”

“बसवू की. दस्त्याचा वरचा तुकडा कापून सुटा करायचा, खाली दोन पोलादी दांडे. बाजूचा स्क्रू सैल केला की तुकडा वर, आवळला की पक्का.” मिस्त्रींनी गादीवरून बोट फिरवलं. “पण कापण्याआधी यावर एकदा आडव्या होऊन बघा. कापलं की कापलं, लाकूड परत जोडता येत नाही.”

“त्या गादीवर मी गाल ठेवणार नाही.”

“नुसतं बघायला—”

“मिस्त्री, ती त्यांच्या गालाची गादी आहे. त्यांचं माप मला कधी बसलं नाही. कापा तुम्ही.”

मिस्त्रींनी खांदे उडवले. गिऱ्हाइकाच्या घरच्या भानगडीत पडायचं नाही, हा त्यांच्या धंद्याचा नियम असावा. त्यांनी सवयीप्रमाणे गादीच्या माथ्याची उंची मोजली, टेबलाच्या फळीवर पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली, गादीची नाडी सोडून ती बाजूला टाकली आणि दस्ता शिकंज्यात आवळला. करवत चालू झाली.

बसून काय करायचं म्हणून तिने गादी हातात घेतली. शिलाई बघूनच तिचं डोकं फिरलं. टाका इकडे एक, तिकडे एक, जसा कोणी डोळे मिटून घालावा. “घरात शिंपीण असताना,” ती पुटपुटली. “लाज नाही वाटली?” पर्समध्ये छोटी कात्री असायचीच. ती टाके उसवू लागली. नीट शिवून ठेवू, एवढाच विचार होता.

कातड्याखाली एकच कापड नव्हतं. थरावर थर होते, आणि ते सगळे तिच्या ओळखीचे होते. वरचा करडा तुकडा गेल्या थंडीच्या तोंडाशी तिने आखूड केलेल्या ओव्हरकोटाचा. त्याखालचा हिरवा बॅंडवाल्यांच्या कोटांचा. त्या कामाने तिची मान धरली होती, विसरणार कशी? त्याखाली कोटाच्या आतलं कडक कॅनव्हास. त्याखाली मुलीच्या शाळेच्या कोटाची निळी लोकरी बनात, आणि मुलगी तर लग्न होऊन दुसऱ्या देशात जाऊनही जमाना झाला. सगळ्यात तळाला जाड तपकिरी लोकर. ती तिने रेंज सोडली त्याच हिवाळ्यातली. चिंध्यांच्या पिशवीतून तुकडे नाहीसे होतात म्हणून तिने तेव्हा केवढा आरडाओरडा केला होता.

एकाच माणसाच्या गालाला गादी करायची तर एकदा करतात. दर काही वर्षांनी एकेक थर कशाला वाढवतात?

“मिस्त्री,” ती म्हणाली, “म्हातारपणी माणसाचा चेहरा बदलतो का हो? म्हणजे टेकू उंच लागतो असं?”

“मान आखडली तर थोडा लागतो. एवढा नाही.” मिस्त्रींनी कापलेला तुकडा उचलून तिच्यापुढे धरला. गादीखाली झाकलेलं पॉलिश एका जागी गुळगुळीत झिजलं होतं. “हे बघा. लांब चेहऱ्याचा माणूस, गाल इथे बसायचा. त्यांना नुसतं लाकूडच बरोबर होतं.”

“मग ही गादी?”

“तेच मलाही कळेना. एवढ्या उंच गादीवर त्यांचा डोळा दुर्बिणीच्या वर जायचा. गाल दाबून दाबून बघावं लागत असणार. त्यातही काळं दिसणारच.”

मिस्त्री पुन्हा कामाला लागले. दांड्यांची दोन्ही भोकं समांतर पडली नाहीत तर टेकू अडकतो, म्हणून त्यांचं सगळं ध्यान गिरमिटाकडे होतं. बोल्ट मागे ओढला की टेकूला अडू नये यासाठी त्यांनी पुढची कड जराशी तासली. ती थर मांडीवर घेऊन बसून राहिली. गेली काही वर्षं त्याचे नेम चुकायला लागले होते. क्लबातले त्याला चिडवायचे, आणि तीही घरी म्हणायची, “आता कोण आंधळं?” तो हसायचा आणि तोंड धुवायला जायचा.

“या बाई. झोपा इथे,” मिस्त्रींनी फळ्यांवर सतरंजी टाकली. “डोळे मिटा. दुर्बीण शोधायची नाही, मान जाईल तिथे जाऊ द्या. मी टेकू वर आणतो. गालाला सुख वाटलं की थांब म्हणा.”

तिने डोळे मिटले. गालाखाली लाकूड हळूहळू वर येत होतं. कोणीतरी आपल्या तोंडाच्या मापानं काही करतंय, हेच तिला नवीन होतं.

“थांबा.”

“आता उघडा.”

समोरच्या भिंतीवर लावलेलं निशाण कडेपासून कडेपर्यंत दिसत होतं. काळं कुठेच नव्हतं. पूर्ण गोल, स्वच्छ, मधला ठिपका जिथल्या तिथे. इतक्या वर्षांनी जिंकली होती ती. ‘बघा’ हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला होता.

मिस्त्री स्क्रू आवळून माप घेत होते. त्यांनी फळीवरची पेन्सिलची रेघ पाहिली, पुन्हा टेकूला पट्टी लावली आणि डोकं खाजवलं.

“बाई, गंमतच आहे. तुमची उंची आणि त्या गादीची उंची, केसाचा फरक नाही. तुम्ही तेव्हा गादीवर गाल ठेवला असता तर मला कापायची गरजच पडली नसती.”

ती उठली नाही. डोळा दुर्बिणीलाच होता, पण निशाण आता दिसत नव्हतं. तिला दिसत होता दारात उभा असलेला तो, खांद्याला रायफलीची पिशवी, एका पायाने चपला चाचपडत. वर्षातून एखाद्या रविवारी तो तसा उभा राहायचा आणि सहज म्हटल्यासारखं म्हणायचा, “येतेस का आज? आज दिसेल.” टोमणाच तो, असं समजून ती मशीनवरून मान वर न करता म्हणायची, “तुमचं तुम्हीच बघा.” मग तो जायचा. थरावर थर चढवत तिच्या मापापर्यंत आणलेल्या गादीवर आपला घोड्यासारखा गाल दाबून दिवसभर काळोखात गोळ्या मारायचा आणि चुकायचा. गादी दाखवून सांगायला काय झालं होतं? ‘चुकलो’ म्हणायला काय झालं होतं? मूग गिळून बसला तो बसला, आणि शेवटचा थर लावून निघूनही गेला. आता तिच्याकडे भांडायलाही काही शिल्लक नव्हतं. जो मुद्दा ती त्याच्या तोंडावर मारणार होती, तो त्याने कधीचाच कबूल केलेला होता, तिच्याच चिंध्यांनी.

“बरोबर नाही का वाटत?” मिस्त्रींनी विचारलं. “थोडा खाली घेऊ?”

“नको. बरोबर आहे.”

मग तिने टेकूवरचा गाल न उचलता, मिस्त्रींची पर्वा न करता, मोठ्याने सांगितलं, “अहो, एकदा हाताला धरून ओढत न्यायचं होतंत मला. नको नको म्हणत आले असते मी.”

मिस्त्रींनी फळीवरचा भुसा गोळा करायला घेतला.