वाकण्याची रीत

पुरुषांच्या वॉर्डात एकोणीस वर्षं माणसं उचलून उचलून सिस्टरची कंबर पार कामातून गेली होती. पलंग गुडघ्याएवढे बुटके, वर-खाली करायचे दांडे कधीच गंजून बसलेले. रोग्याची कूस बदलायची, पाठ पुसायची, घसरला की वर ओढायचा, सगळं वाकून. आता सकाळी चपलेचा पट्टा लावायलाही ती नवऱ्याला हाक मारी.

"रोज पाया पडायला लावतेस," तो म्हणे.

पण दवाखान्यात हूं नाही की चूं नाही. इन्चार्जबाई महिनाअखेर निवृत्त होणार होत्या. त्यांचं काम म्हणजे टेबल, खुर्ची, औषधांच्या याद्या, मुलींच्या कामाच्या पाळ्या. उचलणं नाही. ती खुर्ची मिळाली तरच सिस्टरची कंबर वाचणार होती. मेट्रनबाईंचं म्हणणं मात्र पक्कं होतं, इन्चार्ज धडधाकटच हवी. मागच्या वर्षी एकीनं कंबरदुखीचा अर्ज दिला, तर फाइलवर 'अपात्र' असा शेरा बसला आणि ती घरी बसली.

"सांगून टाका की एकदाचं," वॉर्डातली मावशी म्हणायची.

"सांगू? खुर्ची जाईल आणि नोकरीही जाईल."

"मग त्या चादरींच्या खोलीत जाऊन कण्हत जाऊ नका. चादरींनाही आता पाठ झालंय."

सोमवारी मेट्रनबाई चार नव्या मुलींना घेऊन फेरीला आल्या. नेमका तेव्हाच आठ नंबरचा रोगी पायथ्याकडे घसरला होता. अंगानं एवढा दांडगा की सगळे त्याला पैलवानच म्हणत.

"ताई, वर घ्या हो. मान मोडायला आली."

कमरेतून वाकली असती तर सिस्टर तिथंच अडकली असती. तिनं पाय फाकवले, गुडघे मोडले आणि पाठ काठीसारखी ताठ ठेवली. दुसरं काही तिला जमतच नव्हतं. पैलवानाखालची आडवी चादर इकडून तिनं धरली, पलीकडून मावशीनं.

"एक, दोन, तीन!"

पैलवान उशीवर गेला. सिस्टरच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण तिनं चेहरा हसरा ठेवला.

"बघा गं!" मेट्रनबाई हरखल्या. "पाठ जराही वाकली नाही. अगदी पुस्तकातल्या चित्रासारखं! एकोणीस वर्षांत कंबरदुखीचा एक अर्ज नाही, ते काय उगाच?"

मावशी छताकडे बघू लागली.

सिस्टरला धीर आला. "मॅडम, मग इन्चार्जचं..."

"छे हो! खुर्चीवर काय, बरं अक्षर असलेली कुणीही बसेल. अशी पाठ मी टेबलामागे वाया घालवू? उद्यापासून सगळ्या वॉर्डांत फिरून मुलींना उचलणं तुम्ही शिकवायचं. रोज."

सिस्टरनं तोंड उघडलं. दुखतं म्हणावं, तर अपात्र. दुखत नाही म्हणावं, तर जन्मभर हेच.

"मॅडम, मला मागून नीट दिसलं नाही," एक मुलगी म्हणाली.

"असं? अहो पैलवान, जरा खाली सरका बरं."

"आत्ता कुठं वर आलो!" तो कुरकुरला, पण टाचा रोवत सरकला.

मुली पुढे सरून पलंगाभोवती दाटीनं उभ्या राहिल्या. मागे हटायला जागा उरली नाही. सिस्टरनं पाय फाकवले.