होइट लेडबेटर पाण्यात उतरला

आमच्या नेबो गावच्या चर्चमध्ये पाळक येत आणि जात, होइट लेडबेटर मात्र कायम असे. चर्चचा कारभार बघतात ते डीकन, त्यांच्या मंडळाचा तो मुख्य. पंखे कधी लावायचे, सामुदायिक जेवणाला केळ्याचं पुडिंग कोणी आणायचं आणि कोणी मुळीच आणायचं नाही, हे तोच ठरवायचा. प्रवचन लांबलं की खिशातलं घड्याळ काढून कानाला लावायचा, बंद तर पडलं नाही ना अशा चेहऱ्याने. तेवढ्यावर भलेभले पाळक 'आमेन' म्हणून मोकळे व्हायचे. मी तिथे पियानो वाजवते, व्हर्नेल प्रुइट माझं नाव. मलासुद्धा त्याने एकदा सांगितलं होतं, "व्हर्नेल, तिसरं कडवं जरा रेटून वाजवत जा. घरी कोंबडी गार होते."

माणूस वाईट नव्हता. कोणाकडे मयत झालं की खड्डा खणायला फावडं घेऊन पहिला तोच हजर. फक्त कोणाला विचारायची सवय त्याला नव्हती.

आमच्याकडे बाप्तिस्मा देताना माणसाला अख्खं पाण्याखाली घालतात, पण चर्चमध्ये त्यासाठी टाकी नाही. दर ऑगस्टला प्रवचनांची मोठी सभा असते, ती संपली की आम्ही पोसमच्या ओढ्यावर जातो. बाकीचे डीकन लोकांचा हात धरून पाण्यात उतरायचे, होइट मात्र टॉवेलांची चळत घेऊन काठावर उभा. बूटसुद्धा ओला होऊ द्यायचा नाही. एवढा मोठा माणूस, आणि टॉवेल धरण्याचं काम करतो, म्हणून आम्हाला त्याचं कौतुकच वाटायचं.

त्या वर्षी मार्लिन कॉब नावाचा नवा पाळक आला. कॉलर मानेपेक्षा मोठी, असा तरुण पोरगा. पहिल्याच आठवड्यात त्याने प्रवचनाचं टेबल हातभर पुढे घेतलं. दुसऱ्या रविवारी होइटने ते मागे सरकवलं. तिसऱ्या रविवारी ते पुन्हा पुढे. सबंध वसंत ते टेबल असं पुढेमागे फिरलं, पण दोघांपैकी एकाने त्यावर अवाक्षर काढलं नाही. मी पियानोच्या जागेवरून बघायचे आणि बिछान्यावर पडल्यावर नवऱ्याला सांगून हसायचे.

चर्चच्या समोर, रस्त्यापलीकडे डब स्कॉगिन्स राहायचा. त्याच्याकडे शिकारी कुत्री होती आणि मी पियानोवर हात ठेवला की ती गळा काढायची. डब कधी चर्चची पायरी चढला नव्हता, कुत्र्यांवरून होइटचं आणि त्याचं कित्येक वर्षं वाजलेलं होतं. "तुझी कुत्री बांध," असं होइट म्हणायचा. "तुझी बाई गप्प कर, कुत्री आपोआप गप्प होतील," असं डब म्हणायचा. ती बाई म्हणजे मी.

जूनमध्ये डब कोठाराच्या माळ्यावरून पडला आणि पाय मोडून बसला. गवत कापणीला आलेलं. बायको आधीच गेलेली, मुलगा दूर टेक्सासला. एका सकाळी होइट आपला ट्रॅक्टर घेऊन त्याच्या शेतात शिरला. कापलं, वाळवलं, गठ्ठे बांधले, कोठारात रचलं. डब कुबड्यांवर ओसरीत आला.

"कोणी सांगितलं तुला हे?"

"कोणी नाही. रविवारी खिडकीतून ते गवत दिसतं. प्रार्थनेत लक्ष लागत नाही माझं."

"पैसे देणार नाही मी."

"मागितलेत कोणी? आणि कुत्री बांध."

ऑगस्टच्या सभेत, शेवटच्या गीताला, ज्याला येशूचं व्हायचंय त्याने पुढे यावं असं पाळक म्हणाला, तेव्हा मागचं दार उघडलं आणि डब स्कॉगिन्स काठी टेकत मधल्या वाटेने चालत आला. माझी बोटं पट्ट्यांवर थांबली. बाहेर कुत्रीसुद्धा गप्प झाली.

पाळकाने त्याच्याशी हळू आवाजात बोलून घेतलं. मग डब सगळ्यांकडे वळला. "मला बोलता येत नाही. मला येशूच्या माणसांत यायचंय, एवढंच. आणि बाप्तिस्मा घ्यायचा तर पाण्यात माझा हात होइटने धरायचा. त्याने माझं गवत कापलं. इतकी वर्षं मी त्याला शिव्या घातल्या, तरी कापलं."

बायकांनी डोळे पुसले. मी होइटकडे बघितलं. तो चुन्यासारखा पांढरा पडला होता.

त्या आठवड्यात होइटचा गुडघा दुखू लागला. मग त्याला सर्दी झाली. मग ओढ्यात पाणसाप दिसल्याचं त्याने दुकानात दोघातिघांना ऐकवलं. त्याची बायको इमोजीन मला म्हणाली, "काहीतरी खातंय त्याला आतून. ताटातली बिस्किटं कुत्र्याला घालतो."

शनिवारी दुपारी मी चर्चमध्ये गाण्यांचा सराव करत होते. मार्लिन खिडकीची काच बसवत होता. होइट आला, टोपी हातात घेऊन. मी उठायला लागले.

"बस, व्हर्नेल. उद्या सगळ्यांना कळणारच आहे, नाहीतर कोणालाच नाही."

तो पहिल्या बाकावर बसला, जिथे कधी कोणी बसत नाही.

"पास्टर, माझा बाप्तिस्मा झालेला नाही."

काचेला लावायच्या लांबीचा गोळा मार्लिनच्या हातात तसाच राहिला. "काका, नीट सांगा."

मग होइटने सांगितलं. बारा वर्षांचा होता तेव्हा. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात चुलतभाऊ त्याच ओढ्यात बुडून गेलेला, आणि प्रेत बाहेर काढताना होइटने बघितलेलं. बाप्तिस्म्यासाठी मुलांची रांग पाण्यात निघाली तेव्हा तो झुडपात लपला. बाहेर कसं यायचं? जेवणाच्या टेबलाखाली लिंबाच्या सरबताची बादली होती. त्याने त्यात डोकं बुडवलं आणि ओल्या मुलांच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला.

"आई मला पोटाशी धरून रडली. म्हणाली, आज मला सगळं मिळालं. मी काय सांगणार तिला? दिवसभर माश्या घोंगावत होत्या डोक्याभोवती. मग वाटलं, ती गेल्यावर सांगू. तोवर मला डीकन केलं. मग मुख्य केलं. जितकं वर चढलो तितकं सांगणं अवघड होत गेलं."

मला हसू आवरेना आणि डोळ्यांत पाणीही येत होतं. मान खाली घालून मी पट्ट्या पुसत बसले.

मार्लिनला त्या क्षणी काहीही म्हणता आलं असतं. वसंतभर ज्याने त्याचं टेबल मागे ढकललं, तो माणूस समोर टोपी चुरगाळत बसला होता.

"मी राजीनामा देतो," होइट म्हणाला.

"द्या किंवा देऊ नका, पाण्यात तर उतरावंच लागेल," मार्लिन म्हणाला. तो त्याच्या शेजारी बसला. "काका, आत्ता जायचं का? आपण दोघंच. कोणाला कळणार नाही. व्हर्नेलबाई बोलणार नाहीत."

"नाही बोलणार," मी म्हणाले. खरं म्हणजे मला ते किती जड गेलं असतं ते देवच जाणे.

होइटने चुरगाळलेली टोपी सरळ केली. "आणि डब?"

"डबला सांगू, गुडघा दुखतोय."

"इतकी वर्षं त्या माणसाला मी सांगत आलो, चर्चमध्ये ये. आता तो आलाय, आणि मी त्याला पहिल्याच दिवशी खोटं सांगू?" तो उठला. "उद्या बघू." आणि गेला.

रविवारी ओढ्यावर सगळं नेबो जमलं होतं. होइट टॉवेल घेऊन आला, नेहमीसारखा. मग त्याने ते इमोजीनच्या हातात दिले आणि सगळं सांगितलं. झुडूप, बादली, आई, सगळं. "मी तुम्हाला रांगेत उभं करत आलो, आणि मीच रांगेतून पळालेला," तो म्हणाला.

मग आमच्यातली सगळ्यांत म्हातारी झूला आजी खुर्चीतून म्हणाली, "बरं, ऐकलं. आता उतर. ऊन वाढतंय, आणि माझी भरलेली अंडी खराब होतायत."

लोक हसले, आणि हवा सैल झाली.

मार्लिन आधीच कमरेइतक्या पाण्यात होता. होइट आणि डब एकमेकांना धरून उतरले, एकाचा पाय आखडलेला, दुसरा पायाने तळ चाचपणारा. पाणी गुडघ्याला लागलं तसा होइट थांबला. त्याचा श्वास काठावर ऐकू येत होता.

"हात तू धरायचा असं सांगितलं होतं मी," डब म्हणाला, "आणि धरलाय मी."

"गप्प बस आणि सोडू नको."

"सोडत नाही रे."

आधी होइट गेला पाण्याखाली. वर आला तो खोकत, केस कपाळावर चिकटलेले, आणि मार्लिनच्या गळ्यात पडून लहान मुलासारखा रडला. मग डब. काठावर इमोजीनला कोणाला आधी पुसावं ते कळेना, दोघांना मिळून एकच टॉवेल गुंडाळला तिने.

राजीनामा होइटने दिलाच. चर्चच्या लोकांनी नको नको म्हटलं, तरी दिला. त्याच्या जागी एल्बर्ट निक्स आला. तो प्रत्येक गोष्ट सगळ्यांना विचारायचा, त्यामुळे पडदे कुठल्या रंगाचे यावर ख्रिसमस उलटून गेला. प्रवचनं लांबली. लोक मागच्या बाकाकडे आशेने बघायचे, तिथे डबशेजारी होइट बसलेला असे, पण घड्याळ खिशातच. एकदा मी त्याला म्हटलं, "काढ ना रे ते घड्याळ, घरी बटाटे करपतात माझे." तो म्हणाला, "पोरगा आत्ता कुठे मुद्द्यावर आलाय. ऐकू दे."

पुढच्या ऑगस्टला नेटी हॅगूड नावाची विधवा बाई बाप्तिस्म्याला उभी होती. काठापर्यंत आली आणि तिथेच खिळली. मार्लिनने बोलावलं, बायकांनी गाणं सुरू केलं, ती मान हलवत राहिली. तेव्हा होइट मागून आला. रविवारची इस्त्रीची पँट आणि बुटांसकट तो सरळ पाण्यात शिरला, पोटापर्यंत.

"नेटी, पाणी गार आहे," तो म्हणाला. "तळाला चिखल आहे, पाय रुततो. भीती मलाही वाटतेय. पण मी इथेच उभा आहे, घाई नाही."

तिने चपला काढल्या, आणि बराच वेळ घेऊन, एकेक पाऊल टाकत त्याच्यापर्यंत गेली.