शेठची लघवी

"शेठचे हाल आता बघवत नाहीत," दादा म्हणाला आणि माझं डोकंच सणकलं. आमच्याकडे येणारं दर दुसरं माणूस हेच बोलतं, आणि बोलताना एकाचीही नजर कुत्र्याकडे नसते. हाल बघवत नसतात ते सोफ्याचे, गालिच्याचे, स्वतःच्या झोपेचे. पुढे करायचा तो बिचारा कुत्रा.

दादा माझा सख्खा मोठा भाऊ. शेठ त्याचा कुत्रा. लांबुडका, आखूड पायांचा, घरात फिरायचा तो दुकानावर नजर टाकायला आलेल्या मालकाच्या थाटात, म्हणून शेठ. सोफ्यावरून उडी मारताना त्याच्या मणक्यातली चकती सरकली आणि मागचं अर्धं अंग लुळं पडलं. ऑपरेशन झालं आणि दादा त्याला व्यायामासाठी माझ्याकडे आणायला लागला, कारण अशा कुत्र्यांना पुन्हा पायांवर उभं करणं हा माझा धंदा.

"किती गोड काम करता हो तुम्ही," असं लोक म्हणतात. यायचं एकदा बघायला. काचेची टाकी, तिच्यात कोमट पाणी, तळाशी फिरता पट्टा आणि पट्ट्यावर पाय ओढणारा कुत्रा. पाण्यावर केसांचा थर तरंगतो. अधूनमधून केसांखेरीज दुसरंही काही तरंगत वर येतं, ते मी जाळीने काढते. दुपारी जेवायला बसले की घास तोंडाशी नेताना स्वतःच्याच हाताची शिसारी येते. साबण बदलून बघितले, काही उपयोग नाही.

आणि टाकीच्या आधीचं काम म्हणजे लघवी. लुळ्या कुत्र्याला ती लागलेली कळत नाही, कळली तरी सोडता येत नाही. कुणाला तरी दिवसातून चार वेळा दोन्ही हातांनी पोट दाबून काढावी लागते. दादाला मी हे समोर बसवून शिकवलं होतं. पण हा माणूस दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी पीत नाही. स्वतःच्या पोराचं नाक पुसायचं झालं तरी वहिनीला हाक मारायचा. त्याने मान डोलावली, "जमेल गं," म्हणाला. शेठ पाण्यात पाय टाकायला लागला होता, जमिनीवर अजून नाही. आणि अशात दोन आठवडे दादाने शेठला आणलं नाही, स्वतःचं तोंडही दाखवलं नाही.

आज उगवला तो हे वाक्य घेऊन.

"इथून डॉक्टरांकडेच जातोय," तो म्हणाला. "शेवटचं इंजेक्शन द्यायचं ठरवलंय. तुला न सांगता कसं करायचं, म्हणून आलो. तुझी वहिनी गाडीत बसलीये. तिला वास सहन होत नाही."

दादाने शेठला टोपलीत घालून आणलं होतं. मी त्याला उचलून टेबलावर ठेवलं. वास मलाही आला. लघवीचा वास मला काही नवा नाही, पण हा वेगळा होता, कुजका, डोळ्यांत जाणारा. मांड्यांच्या आतली कातडी लाल होऊन सोलवटली होती.

"दाबतोस ना वेळच्या वेळी?"

"आता गरजच उरली नाही. आपली आपण करतो तो. दिवसभर करतो, घरभर करतो. सुधारलं म्हणायचं तर हे एवढंच, आणि त्यानेच घराचा उकिरडा झालाय."

मी शेठच्या पोटावर हात ठेवला. आत चेंडू असावा तसं टणक लागलं. शेठ कण्हला.

"दादा, तो करत नाहीये. ती सांडतेय. बादली भरल्यावरही नळ सुरू ठेवला तर काठावरून पाणी जातं की नाही? तसं. आत सगळं तुंबलंय, सडलंय. दोन आठवडे हा जीव गच्च भरलेल्या पोटाने बसलाय आणि तू म्हणतोस सुधारला."

त्याचा चेहरा उतरला. "मला काय माहीत? बाहेर येतेय म्हटल्यावर मला वाटलं..."

"तुला बरं वाटलं. हात लावायला नको म्हणून."

"अगं, नाहीच जमत मला. मळमळतं. तू दाब ना."

"मी आत्ता दाबीन. रात्री कोण दाबणार?"

"म्हणूनच तर डॉक्टरांकडे..." तो बोलता बोलता थांबला. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं.  शेठच्या वासाची नाही, किळस आली मला माझ्या भावाची.

मी शेठला खाली रबरी गालिच्यावर ठेवलं. "घे, भेट तरी. तुझाच आहे."

शेठ पुढच्या पायांवर खुरडत दादाकडे निघाला, मागे ओली रेघ ओढत. दादाने नाक मुरडलं आणि एक पाऊल मागे घेतलं.

आता आमची एक पद्धत सांगायला हवी. कुत्र्याला चालवायचं तर त्याच्या लाडक्या माणसाला समोर उभं करतात आणि मागे मागे सरायला सांगतात. माणूस मागे, कुत्रा पुढे. टाकीसमोर दादाने हे कितीदा तरी केलं होतं. शेठला तेवढंच ठाऊक. दादा मागे सरला म्हणजे व्यायाम सुरू झाला.

शेठने ढुंगण उचललं. कोरड्या जमिनीवर, पहिल्यांदा. पाय लटपटले, फाकले, पण टिकले. दादा अजून एक पाऊल मागे गेला. शेठने मागचा पाय उचलून पुढे टाकला, मग दुसरा. थेंब गळतच होते. दादा ते थेंब बघून सरकत होता आणि तो वेडा जीव आपल्याला बोलावतायत असं समजून जिवाच्या आकांताने चालत होता. मला भावाच्या कानाखाली जाळ काढावासा वाटत होता.

"अजून मागे सर," मी म्हणाले.

तो आनंदाने सरला. आणि पाठीला भिंत लागली.

शेठ पोचला. दादाच्या बुटावर पोट टेकून बसला आणि बुटावर गळायला लागला.

"चालला हा," दादा म्हणाला.

"चालला. तू पळत होतास म्हणून. आता बस खाली."

तो भिंतीला घासत खाली बसला. मी त्याचे दोन्ही तळवे धरून शेठच्या पोटाच्या दोन बाजूंना ठेवले आणि ट्रे सरकवला. "बोटं रोवू नकोस. दाब."

त्याने मान फिरवून दाबलं. धार आली, गढूळ, रक्ताची झाक असलेली. वास खोलीभर पसरला. दादाला उमासा आला. बाजूच्या बादलीत तो भडाभडा ओकला, बाहीने तोंड पुसलं. मला त्याचं कौतुक वाटलं नाही. वाटायचं कारणही नव्हतं.

"झाली?" त्याने विचारलं.

"अर्धी आत आहे अजून."

बाहेर वहिनीने हॉर्न वाजवला. थांबून परत वाजवला. दादाने दाराकडे बघितलं, मग बुटावरच्या शेठकडे. हात पुन्हा पोटाशी नेले. या वेळी मान फिरवली नाही.

"हळू," मी म्हणाले. "शेपटीच्या बाजूला."