हळद्या पाहिलेली दुर्बीण

मित्रांनो, पक्षी माहिती केंद्रात शिरलात की डाव्या हाताला एक काचेचे कपाट दिसेल. त्यात तीन पायांवर उभी असलेली, रंग उडालेली दुर्बीण म्हणजे मी. माझ्या भिंगाचे झाकण कधीच हरवले आहे, त्यामुळे मी दिवसभर उघड्या डोळ्याने समोरच्या भिंतीकडे बघत असते. दुसरे काही बघण्याची सोय माझ्यासाठी ठेवलेली नाही.

कपाटावर पाटी आहे : ‘महोत्सवाची पहिली दुर्बीण. हात लावू नये.’ हात लावायचा नसेल तर दुर्बीण हवी कशाला, असा प्रश्न पाटी रंगवणाऱ्याला पडला नसावा. मला मात्र तो रोज पडतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्या काचा घासणारी कारागीर काच उजेडाकडे धरायची, ‘अजून धूसर आहे’ असे स्वतःशीच पुटपुटायची आणि पुन्हा घासायला बसायची. तिने माझ्यावर जीव ओतला. मग मी एका चष्म्याच्या दुकानात येऊन पडले. गिऱ्हाईक नसले की दुकानदार मला रस्त्याकडे वळवी आणि समोरच्या न्हाव्याकडे कोण बसले आहे ते बघत बसे. एवढ्या मेहनतीने घडवलेल्या माझ्या डोळ्याला पहिले दर्शन झाले ते कुणाच्या तरी साबण लावलेल्या गालाचे!

तिथून मला सोडवले शिट्टीबाईंनी. त्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. गळ्यात कायम शिट्टी असायची, म्हणून सारे शहर त्यांना शिट्टीबाई म्हणे. त्यांनी मला पक्षी बघायला घेतले असे माहिती केंद्राच्या पुस्तिकेत छापले आहे. ते साफ खोटे आहे. त्यांनी मला चोर पकडायला घेतले होते.

शहराबाहेरच्या तळ्याभोवती शाळेची लांब पल्ल्याची शर्यत व्हायची. पलीकडच्या काठावरची झाडी आली की काही पोरी लबाडी करून मधल्या वाटेने यायच्या. बाईंनी मला तळ्याकाठच्या पंपघराच्या गच्चीवर उभे केले आणि एक डोळा मिटून झाडी न्याहाळू लागल्या. पोरी खुशाल मधल्या वाटेने गेल्या. बाईंना त्या दिसल्याच नाहीत, कारण माझ्या काचेत एकाएकी एक पिवळाधमक पक्षी येऊन बसला होता. डोळ्यापाशी काळी रेघ, चोच लालसर. बाईंनी माझ्यावरचा डोळा काढलाच नाही. शर्यत कोण जिंकले हे त्यांना दुसऱ्या दिवशी कुणीतरी सांगितले.

तो हळद्या होता. पण बाईंना त्याचे नाव पुष्कळ दिवस ठाऊक नव्हते, आणि त्यावाचून त्यांचे काही अडले नाही. यातूनच त्यांनी पुढे एक रीत पाडली. सुट्टीच्या दिवशी त्या लोकांना पंपघराच्या गच्चीवर न्यायच्या. जो सगळ्यांत नवखा, त्याने पहिल्यांदा माझ्यातून बघायचे. जाणत्यांनी रांगेच्या शेवटी उभे राहायचे आणि तोंड बंद ठेवायचे.

“बाई, कोणता पक्षी आहे हा?” नवखा हमखास विचारायचा.

“नाव नको. काय दिसतंय ते सांग,” बाई म्हणायच्या.

मग तो बिचारा अडखळत सांगू लागे. शेपटी हलते आहे. एकच पाय दिसतो आहे. काहीतरी गिळतो आहे, घशात अडकले आहे बहुतेक. सगळे सांगून झाले की मगच बाई नाव सांगायच्या. जाणत्यांना या रीतीचा भारी कंटाळा यायचा. त्यांना ओठांवर आलेले नाव गिळून उभे राहावे लागे आणि काहींचे चेहरे अगदी पोटात दुखत असल्यासारखे व्हायचे. एकदा नाव कळले की माणूस बघायचे थांबतो, असे बाईंचे म्हणणे होते. गळ्यात शिट्टी असूनही तळ्यावर त्यांनी ती एकदाही वाजवली नाही.

ते माझे सुखाचे दिवस होते. कितीतरी पापण्या माझ्या काचेला लागल्या असतील. कुणाच्या काजळाचा डाग पडला, तर बाई पदराने नाही, खास ठेवलेल्या मऊ फडक्याने तो पुसायच्या.

मग काठावर फिरायला पक्की वाट झाली. वाटेत येणारी झाडे गेली आणि त्यांच्याबरोबर हळद्याही गेला. बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. नजरेच्या मधोमध काळा डाग पडला, आणि तो पसरत चालला. डॉक्टरांनी हात टेकले होते. तरी त्या माझ्यापाशी येऊन बसायच्या. आणि उन्हाळा तापू लागला तेव्हा, इतक्या वर्षांनी, उरलेल्या एका झाडाच्या फांदीला त्यांना पिवळे काहीतरी हलताना जाणवले.

हळद्याची जोडी परतली होती. फांदीच्या बेचक्यात झोळीसारखे घरटे टांगले होते आणि त्यावर पानांचे दाट छत होते. “आता एवढी पिल्लं उडून जाताना दिसू देत,” बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, “मग माझे डोळे गेले तरी चालतील.” मला कान नाहीत, पण मी ऐकले.

ही गोष्ट त्यांनी एकाच माणसाला सांगितली. ती त्यांची भाची.

भाची वाईट नव्हती, हे मला आधीच सांगितले पाहिजे. मावशीचे काम तिनेच वाढवले होते. नवख्यांसाठी चित्रांची कार्डे तिने छापून घेतली, जाणत्यांसाठी व्याख्याने ठेवली, आणि दरवर्षी तळ्याकाठी पक्षी महोत्सव भरवू लागली. तंबू, टोप्या, छायाचित्रांची स्पर्धा, सगळे तिचे डोके. आणि त्या वर्षी तळ्यावरच गदा आली होती. नगरपालिका निम्मे तळे बुजवून गाड्या उभ्या करायला जागा करणार होती.

“मावशी, हळद्या दाखवूया आपण लोकांना,” ती म्हणाली. “खात्रीनं दिसणार म्हटलं की शहर लोटेल. मोठे पाहुणे येतील. मग तळ्याला हात लावायची कुणाची छाती आहे?”

“विणीच्या दिवसांत घरट्यापाशी जत्रा?”

“पंपघराच्या गच्चीवरूनच. तुझ्याच दुर्बिणीतून. कुणी एक पाऊल पुढे जाणार नाही, माझी जबाबदारी.”

तळे गेले तर घरटे कुठले राहणार, हेही खरेच होते. शेवटी त्या ‘बरं’ म्हणाल्या.

महोत्सवाच्या सकाळी गर्दी व्हायच्या आधी मला गच्चीवर उभे केले गेले. मला घरट्यावर रोखले ते लेन्सरावांनी. गळ्यात हातभर लांब कॅमेरा मिरवणारे, महोत्सवातले सर्वांत जाणते गृहस्थ. त्यांनी डोळा लावला आणि तोंड वाकडे केले.

“नुसती पानंच दिसताहेत हो! नवख्या माणसाला यात काय कळणार डोंबल? दोन-चार पानं काढली की झालं.”

भाची घुटमळली. मग म्हणाली, “हलक्या हातानं हं.”

झाडाला शिडी लागली. भाचीने ती खाली धरून ठेवली. मी घरट्यावर रोखलेली होते, त्यामुळे लेन्सरावांची कात्री मला अगदी जवळून दिसली. दोन-चार पाने म्हणता म्हणता त्यांनी सगळे छत उतरवले. बागेतली मेंदी कापावी तसे मागे सरून बघत, पुन्हा थोडे कापत. मित्रांनो, मला तोंड असते तर मी बोंब मारली असती. पण मला नुसता डोळा आहे.

मग लोक आले. भाचीचे म्हणणे खरे ठरले, शहर खरोखर लोटले. सगळ्यांच्या हातात कार्ड होते, त्यावर चित्र आणि खाली नाव. माणूस कार्ड बघायचा, माझ्यात डोकवायचा, “हळद्या! पाहिला!” म्हणायचा आणि समोरून बाजूला व्हायचा. मागचा पुढे यायचा. नवख्याने आधी बघायची रीतही त्या दिवशी गुंडाळून ठेवली होती, कारण पाहुणे खोळंबले असते.

ऊन वर चढले. ते थेट घरट्यात पडू लागले. मादी उठून घरट्याच्या काठावर उभी राहिली आणि तिने दोन्ही पंख पसरले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. “नाचतेय बघा, नाचतेय!” लेन्सरावांच्या कॅमेऱ्याचा खटखटाट थांबेना. तो नाच नव्हता. पण ज्यांना ते कळायला हवे होते, ते जाणते लोक फोटो काढण्यात गुंतले होते.

बाईंना तंबूत खुर्चीवर बसवून ठेवले होते. भाषणे झाली, फुलांचा गुच्छ झाला. मग मुख्य पाहुण्यांबरोबर माझ्याशेजारी त्यांचा फोटो काढायला त्यांना हाताला धरून गच्चीवर आणले. फोटो झाल्यावर बाई हलेनात.

“इथे सगळ्यांत नवखं कोण आहे?” त्यांनी विचारले.

रांगेतल्या कुणीतरी एका घामाघूम गृहस्थाला पुढे ढकलले. तो बेकरीवाला होता, बायकोने ओढून आणलेला. कार्डे संपली होती म्हणून त्याचे हात रिकामे होते.

“मला यातलं काही कळत नाही हो, बाई.”

“फार छान. काय दिसतंय ते सांग.”

त्याने डोळा लावला. “पिवळट-हिरवट पाखरू आहे. घरट्याच्या काठावर उभं आहे.”

“उभं? बसलेलं नाही?”

“उभंच. पंख असे दोन्हीकडे पसरलेत. चोच उघडी आहे. गळा भराभरा हलतोय. आमच्याकडे भट्टीपुढं कामाला उभं राहिलं ना, की माणूस असं तोंड उघडं टाकतो. अगदी तसं.”

बाईंचा हात माझ्या अंगावर होता.

“वर पानं किती आहेत?”

“पानं? नाहीत की. फांदी सगळी उघडी आहे. पाखराच्या पायाशी काहीतरी गुलाबी आहे, पिल्लं असावीत. माना टाकून पडलीत.”

इतक्या जणांनी सकाळपासून तेच बघितले होते.

“सगळ्यांना खाली ने,” बाई भाचीला म्हणाल्या. “आत्ताच्या आत्ता. त्या झाडापासून माणूस हटू दे.”

“मावशी, पाहुण्यांनी अजून बघितलं नाही गं. थोडाच वेळ.”

तेव्हा बाई माझ्यासमोर आल्या आणि त्यांनी आपला तळवा माझ्या भिंगावर दाबून धरला. मला अंधार झाला. रांगेत कुरकुर सुरू झाली. मग लेन्सरावांचा आवाज आला, “काही काळजी करू नका, मी सावली करतो!” आणि थोड्या वेळाने झाडाच्या शिडीवर पावले वाजली. महोत्सवाची भली मोठी छत्री घेऊन ते घरट्याकडे चढले होते. फट्‌कन छत्री उघडल्याचा आवाज झाला. हळद्याची मादी किंचाळून उडाली. ती परत आली नाही. जवळच्या तारेवर कावळे केव्हाचे बसून होते.

पुढचे मी पाहिले नाही. बाईंनी तळवा काढलाच नाही. मी फक्त लोकांचा ‘अरेरे’ ऐकला आणि त्यानंतर जिन्यावरून उतरणारी पावले. शेवटी गच्चीवर बेकरीवाला उरला. त्याने बाईंना दंडाला धरून घरी पोहोचवले.

काही दिवसांनी भाची मला घेऊन बाईंच्या घरी गेली. “मावशी, तळं वाचलं. ठराव रद्द झाला,” ती म्हणाली, आणि रडू लागली. ते खरे होते. तळे खरेच वाचले. आज त्याला रंगीत कठडा आहे, फाटकावर हळद्याचे चित्र आहे. हळद्या तेवढा नाही.

बाईंनी तिला रडू दिले. मग माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, “ही घेऊन जा. मला आता दिसत नाही, आणि तुम्हाला दिसून उपयोग नाही.”

अशी मी या कपाटात आले. माझ्या समोरच्या भिंतीवर काय आहे ते अजून सांगितले नाही. त्या वर्षीच्या स्पर्धेत पहिला आलेला, लेन्सरावांचा फोटो तिथे टांगला आहे. हळद्याची मादी, पंख पसरलेले, चोच उघडी. खाली पितळी पाटी : ‘पंख पसरून स्वागत’. शाळांच्या सहली येतात. माहिती सांगणारा नाव सांगतो, मुले ते लिहून घेतात आणि पुढे जातात.

मागे एकदा बेकरीवाला बाईंना घेऊन आला. हल्ली दर सुट्टीला तोच त्यांना फिरायला नेतो. बाईंना आता काहीच दिसत नाही. त्यांनी कपाटाच्या काचेवरून हात फिरवला, मी आत आहे हे बेकरीवाल्याकडून ऐकून घेतले आणि विचारले, “हिचं तोंड कुठे आहे?”

“भिंतीकडे, बाई.”

“भिंतीवर काय दिसतंय ते सांग.”

बेकरीवाल्याने फोटोकडे बघितले. पितळी पाटी वाचली.

“काही नाही, बाई,” तो म्हणाला. “कोरी भिंत आहे.”

बाईंनी मान हलवली आणि त्याचा हात धरून त्या बाहेर गेल्या.

मित्रांनो, तुम्ही कधी इथे आलात तर माझ्यासाठी एवढे करा. मला हात लावायची परवानगी नाही, तर लावू नका. माझ्यासमोरच्या त्या फोटोपाशी जा आणि खालची पाटी तळव्याने झाका. मग मोठ्याने सांगा, काय दिसतंय.