हिलाल धुळ्याच्या पडद्यावर

साहेब, तुम्ही चोराला खुर्ची दिलीत आणि जिच्या घरी चोरी झाली तिला दारात उभं ठेवलंत. वर तिलाच विचारलंत, "बाई, तुमचं गेलं काय?" काय गेलं ते आता ऐका. खुर्चीवर बसूनच ऐका, उठायची तसदी नको.

मूकपटांच्या त्या दिवसांत खानदेशातला असा एक बाजार नव्हता, जिथे सुंदरबाईचा तंबू लागला नाही. तंबू खरा तिच्या नवऱ्याचा, हिलालचा. पडद्यावरची चित्रं मुकी, म्हणून हिलाल शेजारी उभा राहून भोंग्यातून गोष्ट सांगायचा. मग एका पावसाळ्यात तापाने हिलाल गेला. भाऊबंद म्हणाले, आता ही तंबूचं कापड धान्याला झाकण म्हणून विकेल. तिने दिवस होऊ दिले, पदर खोचला आणि भोंगा स्वतःच्या तोंडाला लावला.

आणि काय सांगायची! तिच्या तोंडून देव-दानव खानदेशी बोलायचे. पडद्यावर राक्षस उभा राहिला की ही गरजायची, "कोन शे रे तठे?" आणि मागच्या अंधारातून एखादा म्हातारा म्हणायचा, "मी शे माय, भिकन! मारू नको, पैसा दीसन बठेल शे!" तंबू हसून फुटायचा. बाई डगमगायची नाही. राक्षसाकडूनच भिकनला दम भरायची आणि गोष्ट पुढे न्यायची. शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई. असं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

हातातल्या पाटल्या मोडून तिने मुंबईच्या कंपनीकडून एक मोठा पौराणिक खेळ विकत घेतला. खानदेशात तो दुसऱ्या कुणी दाखवायचा नाही, असा तोंडी करार. त्या खेळाच्या शेवटच्या रिळाला तिने एक तुकडा जोडला होता. सारंगखेड्याच्या जत्रेत घोड्यांची चित्रं घ्यायला आलेल्या कंपनीच्या माणसाने सहज म्हणून हिलालचंही चित्र घेतलं होतं. तंबूसमोर उभा हिलाल, डोक्याचा फेटा काढतो, हात जोडतो आणि हसतो. बस, एवढंच. पण रीत पडली. खेळ संपला, 'समाप्त'ची पाटी आली, तरी मशीन चालवणारा लोटन दिवा विझवायचा नाही. हिलाल यायचा, हात जोडायचा. लोक म्हणायचे, "राम राम, हिलालभाऊ!" आणि मगच उठायचे. त्याआधी उठणं म्हणजे यजमानाचा निरोप न घेता पंगतीतून उठणं.

तंबू अमळनेरला असताना धुळ्याचा भाईदास आला. पक्क्या थेटराचा मालक, अंगात रेशमी कोट.

"अक्का, मनी पोरनं लगीन शे. वऱ्हाडले तुना खेळ दखाडना शे. फुकट, आपलाच घरमा. भाऊ समजीसन दे."

लोटन तिला बाजूला घेऊन म्हणाला, "अक्का, रीळ म्हणजे घरनी सून. अशी कोनाकडे धाडतस का?"

"लगीनघरनं मागनं शे, लोटन. नही कसं म्हनू?"

लग्नात 'समाप्त' येताच पंगतीची हाळी झाली आणि वऱ्हाड पानांवर धावलं. शेवटचा तुकडा कुणी पाहिलाच नाही. रिळं मात्र "पाहुणे थांबेल शेत" म्हणत म्हणत महिन्याने परत आली, सोबत लुगडं आणि बुंदीची परडी. सुंदरबाईने लुगडं कपाळाला लावलं. मधल्या दिवसांत ती रिळं मुंबईला जाऊन, नक्कल होऊन आली होती.

पुढच्या आठवड्यात नरडाण्याला तंबू लागला. ढोल वाजला, भोंगा घुमला. माणूस फिरकलं नाही.

लोटन गावात जाऊन आला. "अक्का, बठ्ठा लोक धुळे गयात. तठे तोच खेळ शे. खुर्च्या शेत, वर पंखा शे."

लोक म्हणतात, नकलेने कुणाचं काय बिघडतं? या, दाखवतो. खेळाला पेटी वाजवणारा आधी गेला, जिनिंगमध्ये सरकी उपसायला. मग ढोलवाला. तंबू वाहणाऱ्या गाड्या दारात रिकाम्या उभ्या. तंबूशेजारी फुटाणे भाजून चार पोरं जगवणारी यशोदाबाई भट्टी विझवून माहेरी गेली. त्या नकलेची नक्कल वऱ्हाड प्रांतात गेली, तिची नागपुराला. चित्र काढणाऱ्या कंपनीने पुढचं चित्र काढायचं रहित केलं आणि तिथले सुतार, रंगारी, शिंपी घरी बसले. कंपनीचा माणूस सांगत होता, विलायतेत, अमेरिकेतही हेच चाललं आहे. एक जण घरदार विकून चित्र काढतो, दुसरा त्याची नक्कल विकून घरदार बांधतो. तिथल्याही पेटीवाल्यांच्या चुली अशाच विझत असतील. त्यांना विचारायला कोणता साहेब जातो?

आता तुमची कचेरी, साहेब. थेटराचे परवाने तुमच्याच सहीने निघतात. भाईदास खुर्चीवर, सुंदरबाई दारात.

"तुमची रिळं तुमच्याकडे आहेत ना?" तुम्ही म्हणालात.

"शेत."

"मग चोरी कसली? तुम्हीच दिलीत, त्यांनी परत केली. वर लुगडंही केलं म्हणतात."

"साहेब, गाय मनाच दावनले शे. दूध मातर याना हंडामा गये."

भाईदास हसला. "साहेब, मी मना खेळ मुंबईहून इकत आना. एक चित्रन्या शंभर नकला ऱ्हातस. अक्काना खेळवर काय तिनं नाव गोंदेल शे?"

"पुरावा आहे का बाई?" तुम्ही विचारलंत.

लुगड्याची नक्कल करणारा विणकर काठासकट नक्कल करतो, हे सुंदरबाईला ठाऊक होतं. रिळाचा काठ यांनी कापला असेल की नाही, ते मात्र ठाऊक नव्हतं.

"पुरावा याना थेटरमाच शे. रविवारे दुपारना खेळले या."

"रविवारी मी येणारच आहे," तुम्ही म्हणालात. "मला पास आला आहे."

बाहेर येऊन ती लोटनला म्हणाली, "पुरावा नही निंघना, तर तंबू उतारी टाकू. इकी टाकू."

रविवारी ती तिकीट काढून बायकांच्या बाजूला बसली. सगळा खेळ तिला पाठ. पुढे खुर्चीवर तुम्ही, हातात सोड्याचा गिलास. राक्षस मेला, देवांनी फुलं टाकली, 'समाप्त' आलं आणि दिवा विझला. दारं उघडली, ऊन आत आलं. तुम्ही उठलात.

पण खाली जमिनीवर बसलेला गावोगावचा माणूस उठेना. एकही उठेना. सवयच तशी होती.

"खेळ सरना! उठा!" भाईदास ओरडला.

"कसा सरना?" मागून आवाज आला. "हिलालभाऊ ऊना नही अजून!"

सुंदरबाई ताडकन उभी राहिली. "ए मशीनवाला! दिवा लाव! रीळ बाकी शे!"

"लाव! लाव!" सगळं थेटर गरजलं. भाईदास जिन्याकडे धावला, पण माणसांतून वाट मिळेना. मशीनवाला घाबरला. दारं ओढली गेली, दिवा पुन्हा लागला.

आणि हिलाल आला. फिका, डागाळलेला, नकलेतला. पण हिलालच. त्याने फेटा काढला, हात जोडले, हसला.

"राम राम, हिलालभाऊ!" सगळं थेटर एका आवाजात म्हणालं आणि रीतीप्रमाणे उभं राहिलं. साहेब, तेव्हा तुम्हीही उभेच होतात.

सुंदरबाई पडद्यापाशी गेली. नवऱ्याचा उजेड तिच्या तोंडावर पडला. ती रडली नाही. वळली आणि भोंग्याशिवाय, पण भोंग्यातून यावा तशा आवाजात म्हणाली, "साहेब, हाऊ शे मना पुरावा!" शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचला.

तुम्ही म्हणालात, "बाई, उद्या कचेरीत या. पाहू."

"कचेरीमा नही, साहेब. आठेच. या बठ्ठा लोक उभा शेत. तुमना हातमा परवाना शे, तुमनाच तोंडे सांगा. मना मरेल मानूस याना पडदावर कसा ऊना?"