वाढवलेले सौदे

कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये त्या शुक्रवारी संध्याकाळी खुर्च्या कमी पडल्या. समोर टेबलावर लॅपटॉप, लॅपटॉपला झेंडूचा हार. पडद्यावर हिरव्या आकड्यांची रांग सरकत होती आणि लोक आकड्यांना टाळ्या वाजवत होते.

"आठ महिने! डॉलर, युरो, येन, काहीही घ्या, एकही सौदा 'तसला' नाही. तो शब्द मी उच्चारणार नाही!" आमोद सांगत होता. वय तिशीचं, जीन्सवर रुद्राक्षमाळ. "माणूस घाबरतो, आपलं कुबेरयंत्र घाबरत नाही. सौदे आपोआप घेतं, आपोआप संपवतं."

"स्टॉप लॉस लावलाय ना?" मागून कुणीतरी विचारलं.

आमोदनं कानांवर हात ठेवले. "शिव शिव! नावातच लॉस! अशुभ नाव घेतलं की यंत्र बिथरतं. मी सगळ्यांच्या खात्यांतून काढून टाकलाय तो."

हॉल हसला. मला मात्र धडकी भरली. स्टॉप लॉस ही आधीच आखून ठेवलेली रेघ असते. नुकसान तिथवर गेलं की सौदा बंद. ती रेघच यानं पुसली होती, आणि पडद्यावरचं खातं माझ्या थोरल्या भावाचं होतं.

यज्ञेश्वरदादाचं कसब्यात तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान. पद्मजावहिनीच्या दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी साठवलेले सहा लाख त्यानं यंत्रात घातले होते. "शिल्लक" या शब्दापुढे आता साडेसात लाख दिसत होते. वहिनी काठी टेकून पहिल्या रांगेत बसली होती.

मी उठले. तीस वर्षं गणित शिकवलंय, त्यामुळे आवाज आपोआप चढतो. "हे झाले संपलेले सौदे. चालू सौदे दाखवता का?"

"मॅडम, तिकडे काही विशेष नाही."

"मग दाखवायला काय हरकत आहे?"

त्याची वाट न बघता मी टेबलापाशी जाऊन बटण दाबलं. पडदा लालभडक झाला. तेवीस सौदे, सगळ्यांत जुना मार्चमधला. खाली खात्याची खरी किंमत: तीन लाख दहा हजार.

"चमत्कार एवढाच आहे," मी म्हणाले. "फायदा झाला की यंत्र सौदा संपवतं. तोटा झाला की संपवतच नाही, तसाच पडून राहू देतं. शिल्लक मोजतात फक्त संपलेल्या सौद्यांची. नापासांचे पेपर मी न तपासता कपाटात ठेवले असते, तर माझ्या वर्गाचा निकालही शंभर टक्के लागला असता. आणि हे महाराज दरमहा कमिशन घेतात ते पास झालेल्या पेपरांवर!"

दादा उभा राहिला. "पण मी जूनमध्येच फोन केला होता यांना. खातं ऐंशी हजार खाली गेलेलं दिसलं. म्हटलं, सगळे सौदे वाढवून टाका. मला वाटलं, झालं ते काम."

"हो ना काका!" आमोदला जोर आला. "रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. तुम्ही वाढवा म्हणालात, मी दुप्पट केले."

मला ओरडावंसं वाटलं. आमच्या घरात दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. दादानं 'संपवा' म्हणून सांगितलं होतं आणि यानं पैसे ओतले होते. राग आमोदचा आलाच, पण आमचाही आला. अभद्र बोलायचं नाही ही सवय आम्ही आनंदानं जपली होती. आमोदनं फक्त तिच्यावर धंदा थाटला.

"दादा, आता नीट सांग त्याला."

दादा वहिनीकडे बघत राहिला. पडद्यावरचे तीन लाख दहा हजार तेवढ्यात तीन लाख दोन हजार झाले.

"बंद करा," तो म्हणाला. मग मोठ्यानं पुन्हा म्हणाला, "सगळे सौदे बंद करा. तोट्यात."

आमोदनं हॉलकडे पाहिलं. आता टाळ्या नव्हत्या. दोन-तीन जण पोलिसांना फोन लावत होते. त्यानं मुकाट्यानं सौदे बंद केले. आकडा थांबला: दोन लाख शहाण्णव हजार.

वहिनी हळूच म्हणाली, "अहो, एका गुडघ्याचं होईल."

तिथे सांगायचं राहिलं ते मी इथे लिहिते. यंत्र कुठलंही असो, पैसे घालण्याआधी दोन गोष्टी विचारा: तोटा कुठे दाखवता आणि तो कुठे थांबवता? उत्तरात कुणी कानांवर हात ठेवले, तर उठून घरी जा. तोट्याला तोटा म्हटल्यानं तो येत नसतो. म्हटलं नाही, तर तो किती आलाय हे मात्र कळत नाही.